अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे: माझा अनुभव

लक्षणं अशी होती: हिरवट, शेंबडासारखी चिकट शी आणि त्यात रक्ताचे केसासारखे बारीक धागे. पाजल्यावर बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळायचं, गालांवर खरखरीत पुरळ. वजन मात्र नीट वाढत होतं.

ग्राइप वॉटर, पोटाचे थेंब, पाजायची पद्धत बदलणं, कशानेच फरक पडला नाही. रात्री अक्षरशः रडू यायचं.

डॉक्टरांनी आधी गुदद्वाराजवळ चीर नाही ना, हे तपासलं. मग गाईच्या दुधातल्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा संशय सांगितला. हे लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणं नव्हे. आईच्या दुधात लॅक्टोज असतंच, तिच्या खाण्याने ते घटत नाही. प्रथिनाचे अंश मात्र उतरतात.

त्यांच्या सल्ल्याने मी दूध, दही, चीज, लोणी, तूप एकदम बंद केलं. पाकिटांवर केसीन, व्हे (ही दुधातली प्रथिनंच), दूध पावडर शोधायची. बिस्किटांत हमखास सापडते. अंगावर पाजणं सुरूच ठेवलं, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. आधी रक्त थांबलं, पुरळ बरंच उशिरा गेलं. म्हणून २ ते ४ आठवडे तरी धीर धरा.

पुढची पायरी बहुतेकजणी गाळतात: डॉक्टरांना विचारून मी पुन्हा दूध प्यायले. काही दिवसांत धागे परतले, तेव्हाच निदान पक्कं झालं. त्रास परतला नसता, तर पथ्याची गरजच नव्हती.

रक्त जास्त असेल, बाळ मलूल असेल, वजन वाढत नसेल तर पथ्याचे प्रयोग न करता लगेच दवाखाना गाठा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर तातडीने इस्पितळात न्या.