डायनिंग टेबल घेताय? आधी जमिनीवर पेपर अंथरा

दुकानात टेबल नेहमी लहानच वाटतं, घरी आणलं की हॉल भरून जातो. म्हणून आधी टेबलाच्या मापाचे जुने पेपर जमिनीवर अंथरा, आणि बाजूने खुर्ची मागे सरकवून उठायला अडीच-तीन फूट उरतात का बघा, नाहीतर भिंतीला लावायचं किंवा फोल्डिंगचं घ्या सरळ. माणशी साधारण २ फूट रुंदी लागते, म्हणजे चौघांना ४ बाय अडीच चालतं.

खरी गोची उंचीची. टेबल ३० इंच असेल तर खुर्चीची सीट १८ च्या आसपास हवी, मधे १०-१२ इंच अंतर. आम्ही दोन्ही वेगवेगळं घेतलं आणि आता जेवताना खांदे कानाला लागतात, आईचे पाय तर लोंबकळतातच!

खुर्चीवर दहा मिनिटं बसा, दुकानदार बघेना का. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, सीटची कड गुडघ्यामागे रुतता कामा नये. घरात म्हातारी माणसं असतील तर हाताची खुर्ची बरी, फक्त हात टेबलाखाली जातात ना ते तपासा. आणि कापडी गादी नकोच, आमटीचा डाग हळदीसकट बसतो, रेक्झिन पुसलं की झालं.