पक्षाघात टाळायचा तर दवाखान्यात बीपीची वही ठेवा

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपल्याकडे म्हणतात, त्या पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण वाढलेलं बीपी. ते दुखत नाही, म्हणून पेशंट त्यासाठी येत नाही. दवाखान्यानंच ते शोधलं पाहिजे, आणि कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेतला एका खोलीचा दवाखानाही हे करू शकतो.

सर्दी असो वा गुडघेदुखी, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी मोजा. आत आल्या आल्या नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून बसू द्या. आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा. तालमीतल्या पैलवानाच्या दंडाला नेहमीचा पट्टा अपुरा पडतो आणि आकडा उगाच जास्त येतो, तेव्हा मोठा पट्टा घेऊन ठेवाच. मिनिटभरानं पुन्हा मोजा. 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत बोलवून खात्री करा. 180/110 च्या पुढे असेल तर मात्र थांबू नका.

पासष्टीपुढच्यांची नाडीही बघा. ठोके अनियमित लागले तर ईसीजी हवाच, कारण अशा ठोक्यांमुळे हृदयात झालेली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायचंच.

खरी कसोटी पुढे आहे. बरं वाटलं की गोळी सुटते. म्हणून वहीत नाव, मोबाइल, आकडा आणि पुढची तारीख लिहा. दर शनिवारी ती उघडून तारीख चुकलेल्यांना सिस्टरनं फोन करावा. रागावू नये, “गोळ्या संपल्यात का, काकू?” एवढंच विचारावं. पैशांची अडचण निघाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मोफत मिळतात, हे सांगावं.

तांबडा-पांढरा बंद करा म्हटलं की पेशंटच यायचा बंद होतो. मिठावर बोला: दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा सपाट चमचाभर. पापड, लोणचं, फरसाण कमी करा. बायकांना ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर नाही म्हणतात. ‘मशेरी लावता का’ असं विचारा.

घरच्यांनाही तयार करा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की लगेच 108 ला फोन आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ डॉक्टरांना आधी सांगावी.