सिरियलायझेशनची लायब्ररी सापडत नाही? एरर अशी सोडवावी

स्क्रीनवर ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ किंवा ‘क्लास नॉट फाउंड’ दिसलं की हात आपोआप इन्स्टॉलच्या कमांडकडे जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की लगेच काहीही इन्स्टॉल करू नका. ऑब्जेक्टचं जेसन, एक्सएमएल किंवा बाइट्समध्ये रूपांतर, म्हणजे सिरियलायझेशन, करणारी लायब्ररी खरोखरच नसेल, ही एक शक्यता झाली. ती मशीनवर असते पण प्रोग्रामला दिसत नाही, किंवा दिसते पण आवृत्ती भलतीच असते, हेही नेहमीचंच. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. कुठला लागू पडेल हे एररच्या मजकुरातच लिहिलेलं असतं.

पायरी १: मजकूर शेवटपर्यंत वाचा

जाव्हाच्या लांबलचक स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कुठून कुठे गेली त्या ओळींच्या यादीत) बहुतेक वेळा सगळ्यात खालचं ‘कॉज्ड बाय’ हे मूळ कारण असतं. वरच्या ओळी फक्त ते कारण कुठून कुठे पोचलं एवढंच सांगतात. तिथलं क्लासचं किंवा मॉड्यूलचं पूर्ण नाव जसंच्या तसं टिपून घ्या.

मग एररचा प्रकार बघा. कंपाइल करतानाच ‘पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट’ आलं, तर बिल्ड फाइलमध्ये डिपेंडन्सी (प्रोग्रामला लागणारी बाहेरची लायब्ररी) नाही किंवा चुकीच्या स्कोपमध्ये आहे. कंपाइल नीट झालं आणि चालवताना ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ आली, तर बिल्डच्या वेळी असलेली जार (लायब्ररीची फाइल) चालवताना क्लासपाथवर, म्हणजे जाव्हा क्लास शोधतो त्या जागांच्या यादीत, नाही. ‘नो सच मेथड एरर’ असेल, तर लायब्ररी हजर आहे, फक्त आवृत्ती जुळत नाही. तीच पुन्हा इन्स्टॉल करून काही हाती लागत नाही. आणखी एक फसवा मजकूर म्हणजे ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’. इथे क्लास सापडलेला असतो, पण तो सुरू होतानाच कोसळलेला असतो. खरं कारण लॉगमध्ये त्याच्या आधी कुठेतरी दडलेलं असतं, तिथपर्यंत मागे जा.

पायरी २: नावाची खात्री करा

पायथनमध्ये कोडमधलं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. यॅमल या डेटा फॉरमॅटसाठी कोडमध्ये ‘इम्पोर्ट यॅमल’ लिहितो, पण इन्स्टॉल करायचं पॅकेज ‘पायवायएएमएल’. ‘गुगल डॉट प्रोटोबफ’ हवं असेल, तर पॅकेजचं नाव नुसतं ‘प्रोटोबफ’.

नाव बरोबर असूनही मॉड्यूल सापडत नसेल, तर मशीनवर दोन पायथन आहेत का ते तपासा. पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) एका पायथनमध्ये पॅकेज टाकतो आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालतो, हा प्रकार फार वेळ खातो. म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहायची सवय लावून घ्या. ज्या पायथनने प्रोग्राम चालवणार, त्याच्याच पिपला काम मिळतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती वेगळी पायथनची जागा) चालू आहे ना, तेही बघा.

माझा स्वतःचा एक अख्खा दिवस वेगळ्याच गोष्टीत गेला होता. यॅमल वाचायची छोटी चाचणी लिहिली आणि फाइलला नाव दिलं यॅमल डॉट पीवाय. पायथन मॉड्यूल शोधताना आधी चालू स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये बघतो. त्याने माझीच फाइल उचलली आणि ‘या मॉड्यूलमध्ये सेफ लोड नाही’ म्हणून तो थांबला. मी लायब्ररी तीनदा काढून पुन्हा टाकली. फाइलचं नाव बदलताच सगळं चाललं. जेसन डॉट पीवाय किंवा पिकल डॉट पीवाय अशी नावंही याच कारणासाठी टाळा.

पायरी ३: डिपेंडन्सीची झाडं उलगडा

कुठली लायब्ररी कुठून येते ते बघायला, जाव्हात बिल्डसाठी मेव्हन असेल तर ‘डिपेंडन्सी:ट्री’, ग्रेडल असेल तर ‘डिपेंडन्सीज’ चालवा. जॅक्सन या जाव्हाच्या जेसन लायब्ररीचे कोअर, डेटाबाइंड आणि ॲनोटेशन्स असे तीन भाग असतात आणि जॅक्सन २ मध्ये ते एकाच मालिकेतले लागतात. दुसरी एखादी लायब्ररी गुपचूप जुना कोअर घेऊन येते. एकाच जारच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर मेव्हन झाडात आपल्याला जवळची असलेली निवडतो, मग ती जुनी का असेना. तिन्ही भागांच्या आवृत्त्या जॅक्सनच्या बीओएममधून (जुळणाऱ्या आवृत्त्यांच्या तयार यादीतून) एकाच जागी ठरवून टाकणं हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो.

डेटाबाइंड असूनही ‘लोकल डेट’ (जाव्हाचा तारखेचा प्रकार) अडतं, तेव्हा जॅक्सनच्या २ मालिकेतल्या अलीकडच्या आवृत्त्या हव्या त्या मॉड्यूलचं नावच मजकुरात सांगतात: जेएसआर ३१०. पण नुसती जार टाकून भागत नाही, ते मॉड्यूल ऑब्जेक्ट मॅपरवर (जॅक्सनमध्ये रूपांतर करणाऱ्या ऑब्जेक्टवर) रजिस्टरही करावं लागतं. ही दुसरी अर्धी पायरी हमखास राहून जाते.

जुना प्रोजेक्ट नव्या जाव्हावर नेला आणि जॅक्सबीचे (जाव्हातल्या एक्सएमएल रूपांतराच्या साधनाचे) क्लास गायब झाले, तर तुमचं काही चुकलेलं नाही. २०१८ साली आलेल्या जाव्हा ११ मधून जॅक्सबी काढून टाकलं आहे. आता एपीआय आणि प्रत्यक्ष काम करणारं इम्प्लिमेंटेशन, दोन्ही वेगळे जोडायचे. कोडमधले इम्पोर्ट ‘जावाएक्स’चे आहेत की ‘जकार्ता’चे, ते बघूनच आवृत्ती निवडा.

कॉटलिनमध्ये ‘सिरियलायझर फॉर क्लास इज नॉट फाउंड’ आलं, तर लायब्ररीच्या जोडीला कंपायलर प्लगइन लावलंय का आणि क्लासवर ॲनोटेशन आहे का, एवढं बघा.

पायरी ४: पिकलची एरर वेगळी ओळखा

पायथनची पिकल फाइल (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये साठवलेली फाइल) उघडताना ‘नो मॉड्यूल नेम्ड’ आलं, तर हरवलेली वस्तू तुमच्याच प्रोजेक्टमधली असू शकते. पिकल क्लासचा कोड साठवत नाही, फक्त मॉड्यूलचा पत्ता आणि क्लासचं नाव साठवतो. मध्यंतरी फाइलचं नाव बदललं असेल, तर तो जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. जुन्या नावाची छोटी फाइल ठेवून तिच्यात नव्या जागेवरून क्लास इम्पोर्ट करा, डेटा उघडेल. मग तो पुन्हा साठवून घ्या. अनोळखी माणसाने पाठवलेली पिकल फाइल मात्र कधीच उघडू नका. ती उघडताना तिच्यातला कुठलाही कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो.

पायरी ५: कोऱ्या जागी चालवून बघा

नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा रिकामा कंटेनर घ्या, रिपॉझिटरी तिथे नव्याने उतरवा आणि फक्त प्रोजेक्टमध्ये लिहिलेल्या डिपेंडन्सींवर प्रोग्राम चालवा. इथे पुन्हा तीच एरर आली, तर हाताने टाकलेलं पॅकेज रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये किंवा पॉममध्ये (मेव्हनच्या बिल्ड फाइलमध्ये) लिहायचं राहिलं आहे.