कारखान्याच्या आवारातील हायड्रंट लाइन : मंजुरीची तयारी कोठून सुरू करावी

कारखान्याच्या आवारात स्वतःची हायड्रंट लाइन, म्हणजे आग विझविण्याचे होज जोडण्यासाठी जागोजागी नळ (हायड्रंट) असलेली दाबाच्या पाण्याची पाइपलाइन, टाकायची ठरले की बहुतेक उद्योजक सर्वप्रथम पाइपांचे दरपत्रक मागवतात आणि अग्निशमन विभागाची मंजुरी हे शेवटी उरकायचे काम समजतात. वाळूज, चिकलठाणा आणि जालना येथील कारखान्यांत ही कामे करताना मला उलटेच आढळले आहे. मंजुरी कागदांवर क्वचितच अडते. ती अडते टाकीतील पाण्यावर आणि पंपापासून सर्वांत लांबच्या हायड्रंटवर मिळणाऱ्या दाबावर. या दोन गोष्टी शेडच्या पायाचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी निश्चित झाल्या, तर पुढील प्रक्रियेत फारशी अडचण येत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा, हे जागेवर ठरते. भूखंड एमआयडीसीच्या क्षेत्रात असेल, तर नियोजन प्राधिकरण तीच असते आणि तिच्या अग्निशमन विभागाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. महापालिका हद्दीत महापालिकेचा अग्निशमन विभाग हे काम पाहतो. गावाच्या शिवारात बिनशेती जमिनीवर जिनिंग किंवा डाळ मिल उभी करणाऱ्यांनी मात्र, बांधकाम नकाशा ज्या कार्यालयात मंजूर होणार आहे तेथेच अग्निशमन मंजुरीचे सक्षम अधिकारी कोण, हे लेखी विचारून घ्यावे. चुकीच्या दारात अर्ज पडून राहिल्यामुळे कापसाचा हंगाम हातचा गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

या सर्वांचा कायदेशीर आधार म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यानुसार यंत्रणा बसविण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, ठेकेदारावर नाही. शेड भाड्याने घेऊन उत्पादन करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे आणि टाकी व पंप कोणी सांभाळायचे, हे भाडेकरारातच लिहून घ्यावे.

आराखड्याची सुरुवात धोक्याच्या वर्गवारीने होते. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये औद्योगिक इमारतींचे कमी, मध्यम आणि जास्त धोका असे तीन उपवर्ग केलेले आहेत. बाह्य हायड्रंटसाठी आयएस १३०३९ हे मानक पाहावे लागते. विमा कंपन्या अजूनही टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीच्या जुन्या नियमावलीचा आधार घेतात. त्या नियमावलीनुसार दोन हायड्रंटमधील अंतर कमी धोक्यासाठी ६० मीटर, मध्यम धोक्यासाठी ४५ मीटर आणि जास्त धोक्यासाठी ३० मीटरपर्यंत धरले जाते. मंजुरी देणारा अधिकारी आणि विमा कंपनी यांच्या अपेक्षांत फरक असेल, तर जास्त कडक असलेलीच अट धरावी, असा माझा आग्रह असतो. कारण बांधलेली टाकी नंतर मोठी करता येत नाही. उत्पादनाचे आणि साठ्याचे वर्णनही खरे लिहावे. पुठ्ठ्याची खोकी, फोम, रंग किंवा सुटी रुई यांचा साठा असताना अर्जात केवळ ‘अभियांत्रिकी उद्योग’ असे लिहिल्यास पुढची सारी गणिते चुकतात, आणि अंतिम तपासणीच्या वेळी गोदामाचे दार उघडल्यावर ते लपत नाही.

आता पाणी. मध्यम धोक्याच्या कारखान्यासाठी ताशी १७१ घनमीटर क्षमतेचा पंप ठरला आणि दोन तास पुरेल इतका साठा धरला, तर ३४२ घनमीटर, म्हणजे ३ लाख ४२ हजार लिटर पाणी केवळ आगीसाठी राखून ठेवावे लागते. बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर पाण्याची उंची असलेली टाकी यासाठी पुरते. ती रिकामी झाली, तर हा राखीव साठा पुन्हा भरायला दहा हजार लिटरच्या टँकरला पस्तीस खेपा कराव्या लागतील. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा साठा मे महिन्यातही भरलेला राहील याची व्यवस्था आराखड्यातच दिसली पाहिजे. एका कारखान्यात तपासणीच्या दिवशी पंप सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटे झाली आणि शेवटच्या हायड्रंटची धार पडली. उन्हाळ्यात उत्पादनासाठी त्याच टाकीतून पाणी उपसले जात होते आणि तळाशी दीड हात पाणी उरले होते. टाकी सामायिक ठेवणे अपरिहार्य असेल, तर उत्पादनाच्या पंपाचा सक्शन पाइप आगीच्या राखीव पातळीच्या वर बसवावा, म्हणजे त्या पातळीखालचे पाणी कोणालाही उपसता येत नाही. हा तपशील नकाशात छेद काढून दाखविला, तर पाण्याविषयीचा पहिला प्रश्न तेथेच सुटतो.

दाबाचा हिशोब पाइपच्या व्यासाशी बांधलेला असतो. पंपाजवळ सात किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाब असला, तरी सर्वांत लांबच्या हायड्रंटवर पूर्ण प्रवाहाच्या वेळी तो साडेतीन किलोच्या खाली जाऊ नये, ही नेहमीची अट आहे. खर्च वाचविण्यासाठी दीडशे मिलिमीटरऐवजी शंभरचा पाइप टाकला, तर त्याच प्रवाहाला घर्षणामुळे होणारी दाबाची घट सुमारे सात पट होते. त्याचबरोबर लाइन एका टोकाला संपविण्यापेक्षा शेडभोवती फिरवून पुन्हा मूळ पाइपला जोडावी. अशा रिंगमध्ये पाणी दोन्ही बाजूंनी येते, प्रत्येक बाजूला साधारण निम्माच प्रवाह वाहतो आणि त्या बाजूची घट जवळजवळ एक चतुर्थांशावर येते. शिवाय योग्य ठिकाणी लाइनचा एकेक भाग बंद करणारे आयसोलेशन व्हॉल्व्ह असतील, तर एक भाग फुटला तरी उरलेली लाइन चालू ठेवता येते.

आपल्याकडच्या काळ्या मातीबद्दल मानकांत वेगळे प्रकरण नाही. ते आपणच आपल्या आराखड्यात लिहावे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल इतक्या भेगा पाडते, त्यामुळे जमिनीखालच्या पाइपचे जोड ताणले जातात. पाइप किमान एक मीटर खोल टाकावा, चरातील काळी माती परत न भरता खाली-वर वाळू किंवा बारीक मुरूम द्यावा, गंजरोधक वेष्टन करावे आणि वळणांवर काँक्रीटचे आधार द्यावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कामकाजाच्या दाबाच्या दीडपट दाबाने चाचणी होईपर्यंत चर बुजवू नये. घाईने वर काँक्रीटचा रस्ता केल्यावर गळती निघाली आणि तयार रस्ता चाळीस मीटर फोडावा लागला, हे मी स्वतः उभे राहून पाहिले आहे.

अर्जासोबत भूखंडाचा ताबा किंवा करारपत्र, वास्तुविशारदाचे नकाशे, प्रक्रियेचे व साठ्याचे वर्णन, हायड्रंट लाइनचा स्वतंत्र नकाशा आणि दाबाचे गणित जोडावे. शुल्क भरल्यावर छाननी होते आणि तात्पुरती मंजुरी मिळते. हे पत्र म्हणजे अटींची यादी असते. ते फाइलला न लावता त्याची प्रत ठेकेदार, वीजकाम करणारा आणि साइट इंजिनिअर या तिघांच्या हाती द्यावी, कारण डिझेल पंप, लाइनमधला दाब राखणारा छोटा जॉकी पंप, मुख्य स्विच बंद केल्यावरही फायर पंपाला मिळणारा वेगळा वीजपुरवठा आणि अग्निशमन बंबातून लाइनमध्ये पाणी सोडण्यासाठीचा इनलेट या बाबी तिघांच्या कामांत विखुरलेल्या असतात. काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यावे लागते; तिचा परवाना चालू आहे ना, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तपासावे.

अंतिम तपासणीच्या किमान आठ दिवस आधी स्वतःची तपासणी करावी. दोन माणसांनी सर्वांत लांबच्या होज बॉक्समधून पंधरा मीटरचे दोन होज काढावेत, जोडाचे कपलिंग खाचेत (लग्‌मध्ये) नीट बसल्याचा आवाज ऐकावा, होजच्या टोकाचा ब्रांच पाइप घट्ट धरून मगच व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. दाब उतरताच आधी जॉकी आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. नंतर वीज बंद करून डिझेल पंप उठतो का, ते पाहावे. उन्हाळ्यात त्याच्या बॅटरीतील पाणी लवकर आटते आणि नेमका तोच पंप तपासणीत दगा देतो.

यानंतर एजन्सीचा फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा बसविल्याचे प्रमाणपत्र, सादर केला की पाहणी होऊन अंतिम मंजुरी मिळते. तेथून पुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक एजन्सीचे, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे फॉर्म बी प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्याव्यतिरिक्त आठवड्यातून एकदा मुख्य आणि डिझेल असे दोन्ही पंप चालवून दाब, टाकीची पातळी आणि डिझेलचा साठा पंपघरातल्या वहीत लिहावा, आणि पंपघराची एक किल्ली रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडे कायम असावी.