काजूच्या बोंडूचा चोथा कुजवताना या चुका टाळा

मार्च ते मे गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडण्यात फेणीच्या भट्ट्या पेटलेल्या असतात आणि बोंडू पिळून उरलेला चोथा सर्रास ओहोळात जातो. हे थांबायलाच हवं. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पण जे खत करायला घेतात, त्यांची तक्रारही ठरलेली: “जीवाणू घातले, तरी आंबट घाण येते.”

अशा वेळी कल्चरची, म्हणजे जीवाणूंच्या विरजणाची, आणखी एक बाटली ओतू नका. जीवाणू कमी नसतात, हवा कमी असते. ओला चोथा दबून बसला की हवेवर जगणारे जीवाणू मागे पडतात, आंबवणारे माजतात आणि उरल्यासुरल्या साखरेची दारू नि आम्ल होतं. चोथा मुठीत घट्ट आवळा. बोटांतून पाणी गळलं तर ओल जास्त आहे. तळवा नुसता दमट व्हायला हवा. भाताचा पेंढा, सुका पाला, कुळागरातल्या (बागायतीतल्या) पोफळीच्या झावळ्या बारीक करून मिसळा आणि ढीग फोडून वरखाली करा. दोन-चार दिवसांत आत हात घालवणार नाही इतकी ऊब आली, की गाडी रुळावर आली समजा.

नारळाची सोडणं आणि काथ्याचा भुसा यांचं दुखणं उलटं. तिथे हवा भरपूर, पण नत्र नावालाच. कर्ब-नत्राचं प्रमाण 25-30 ला 1 असावं. भुशात ते 100 ला 1 च्याही वर जातं. शेण आणि गिरिपुष्पाचा कोवळा पाला घाला. भुशातलं लिग्निन, म्हणजे त्याला चिवट करणारा घटक, फोडणं मुख्यतः बुरशीचं काम, तेव्हा नुसत्या जीवाणूंवर विसंबू नका.

कल्चर नळाच्या पाण्यात लगेच कालवू नका, क्लोरीन त्याला मारतं. पाणी रात्रभर उघड्या पिंपात ठेवा, नाहीतर विहिरीचं घ्या. भट्टीतलं गरम पाणी ढिगावर ओतणंही तितकंच घातक.

वास मारतो म्हणून चुना फेकणारेही पुष्कळ. आंबट चोथ्याला चिमूटभर ठीक, पण शेण मिसळलेल्या ढिगावर चुना पडला की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नाकाला झोंबतं ते तुमचं खतच असतं.

गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे जूनपूर्वी ढिगावर चुडतांचं (नारळाच्या झावळ्यांचं) छप्पर हवंच. ढीग विहिरीपासून लांब, उंचवट्यावर घाला.

आणि घाई नको. मूठभर खत ओलसर करून पिशवीत आठवडाभर बंद ठेवा. उघडल्यावर आंबट वास आला तर ते पोफळीच्या रोपांना घालू नका, आणखी कुजू द्या.