३२ सोंगट्यांचा पाई गाऊ: टेबलावर बसण्याआधी

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यामुळे नागपूरकराची पाई गाऊ या चिनी डॉमिनोच्या जुगाराशी गाठ पडते ती मकाऊ किंवा लास व्हेगासच्या सहलीत. दोन्हीकडे वयाची अट २१ वर्षांची. तिथे टेबलावर बसून शिकायला कोणी वेळ देत नाही, म्हणून घरीच चिंचोके लावून हात बसवून घ्यावा.

बाजारातला डॉमिनोचा डबा यासाठी चालत नाही. त्यात २८ सोंगट्या असतात, काहींची बाजू कोरी असते आणि एकीसारखी दुसरी नसते. नागपूरच्या इतवारीतून किंवा महाल भागातून जाड पांढरा पुठ्ठा आणा आणि ७ बाय अडीच सेंटिमीटरचे ३२ तुकडे कापा. पुठ्ठा पातळ असेल तर शाई मागे उमटते आणि उलटी सोंगटीही ओळखू येते. १ आणि ४ चे ठिपके लाल, बाकीचे काळे. ६-६ वर मात्र प्रत्येक बाजूला तीन लाल, तीन काळे.

६-६, १-१, ४-४, १-३, ५-५, ३-३, २-२, ५-६, ४-६, १-६, १-५ या ११ सोंगट्या प्रत्येकी दोन बनवायच्या. उरलेल्या १० एकेकट्या: ५-४ आणि ६-३, ५-३ आणि ६-२, ५-२ आणि ४-३, ४-१ आणि ३-२, शेवटी २-४ आणि १-२.

सगळा घोळ इथेच होतो. एकेकट्यांमध्ये ५-४ आणि ६-३ दिसायला वेगळ्या, पण दोन्ही ९ च्या, म्हणून त्यांची जोडी होते. तसंच ८, ७ आणि ५ चं. पण १-३ आणि २-२ दोन्ही ४ च्या असूनही जोडी होत नाही. ५-५ ला ४-६ चालत नाही आणि १-६ ला ५-२ चालत नाही. नवखा माणूस बेरीज बघून जोडी समजतो आणि चांगले हात मोडून बसतो.

जोड्यांची उतरंड पाठच करावी लागते. सगळ्यांत वर २-४ आणि १-२, म्हणजे जी जून. त्याखाली ६-६, १-१ आणि पुढे वर ११ सोंगट्या ज्या क्रमाने दिल्या आहेत तोच क्रम. मग मिश्र ९, ८, ७ आणि ५. सुट्या सोंगट्यांचा मानही हाच, फक्त जी जूनच्या दोन्ही सोंगट्या एकेकट्या असताना तळाला जातात. ठिपक्यांवरून मान ठरत नाही: १-१ चे दोनच ठिपके, तरी ती दुसरी. टेबलावर ६-६ ला ‘टीन’ म्हणतात, ते ऐकून तीन समजू नका. १-१ ला ‘डे’ म्हणतात.

जोडी नसेल तर बेरीज करायची आणि एकं स्थानचा आकडाच धरायचा. ५-५ आणि ४-६ म्हणजे २०, म्हणजे शून्य. जास्तीत जास्त ९. याला अपवाद टीन आणि डे. यांच्यापैकी एकीबरोबर ९ आली तर वाँग, ८ आली तर गाँग. बेरजेने त्यांना १ आणि ० च मिळाले असते, पण प्रत्यक्षात ते सगळ्या जोड्यांच्या खाली आणि साध्या ९ च्या वर असतात. जी जूनची १-२ ही ३ किंवा ६, आणि २-४ ही ६ किंवा ३, जे फायद्याचं ते धरता येतं. १-२ बरोबर ३-३ आली तर ६ अधिक ६ चे २ कशाला, ३ अधिक ६ चे ९ घ्या.

डाव असा चालतो. डीलर सोंगट्या उलट्या पिसून चार-चारचे आठ ढीग लावतो. तीन फासे पडतात, बँकरपासून (म्हणजे ज्याच्याविरुद्ध बाकीचे खेळतात तो, बहुतेकदा कॅसिनोच) मोजून पहिला ढीग कोणाला ते ठरतं. तुम्हाला चार सोंगट्या मिळतात, त्यांचे दोन-दोनचे दोन हात करायचे. वाटणीचे मार्ग तीनच. मोठा हात बँकरच्या मोठ्याशी आणि लहान लहानाशी भिडतो. दोन्ही जिंकले तर पैसे, एक जिंकला एक हरला तर लावलेलं परत, दोन्ही हरले तर गेले. साधारण दहापैकी चार डाव बरोबरीत सुटतात, म्हणून खेळ सावकाश चालतो.

दोन्ही हात जिंकल्याशिवाय काहीच मिळत नाही, त्यामुळे एकाच हातात सगळं बळ ओतणं ही सर्वांत महाग चूक. समजा १-१, ८, ५, ४ आल्या. १-१ आणि ८ चा गाँग, ५ आणि ४ चे ९: उत्तम. १-१ आणि ५ चे ७ केले तर मागे ८ आणि ४ चे २ च उरतात. जोडी आली म्हणजे ठेवलीच पाहिजे असंही नाही. टीन, डे आणि दोन ९ असतील तर ९ ची जोडी फोडून दोन वाँग करा, नाहीतर लहान हात ४ वर बसतो. दोन टीन, ९ आणि ८ असतील तरी जोडी फोडून वाँग आणि गाँग चांगले.

गुण सारखे असतील तर दोन्ही हातांतली वरच्या मानाची सोंगटी बघतात. तीही सारखी असेल तर हात बँकरचा. दोघांचेही शून्य असेल तर सोंगटी न बघता बँकर जिंकतो. यातून आणि जिंकलेल्या रकमेवरच्या ५ टक्के कमिशनमधून कॅसिनोचा फायदा निघतो. १०० लावून जिंकलात तर ९५ च मिळतात. म्हणून खेळाडूला बँकर होता येतं तिथे जाणकार ती पाळी सोडत नाहीत, पण टेबलावरच्या सगळ्यांचे पैसे चुकवण्याइतके चिप्स समोर असावे लागतात.

पाटीवर ‘पाई गाऊ पोकर’ लिहिलं असेल तर ते टेबल वेगळं: तिथे जोकरसह ५३ पत्ते आणि सात पत्त्यांचे पाच व दोन असे हात असतात. सोंगट्यांच्या टेबलावर वाटणी सुचली नाही तर डीलरला ‘हाउस वे’ विचारा. कॅसिनो स्वतःचा हात ज्या नियमाने लावतो, त्याच नियमाने तो तुमचा लावून देतो.