एलईडी घड्याळ उघडण्याआधी

एलईडी घड्याळात बटण दाबलं की लहान लाल दिव्यांनी (एलईडी) बनलेले वेळेचे आकडे पेटतात. बटण दाबूनही काळपट लाल काचेखाली आकडे उमटले नाहीत, की हात आधी पाठचं झाकण उघडायला जातो. तो आवरा. 1972 साली विक्रीला आलेलं पल्सर नावाचं पहिलं एलईडी घड्याळ 2100 डॉलरचं होतं, 1976 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं प्लास्टिकचं एलईडी घड्याळ 20 डॉलरला मिळत होतं. पण आज दोघांची अडचण एकच आहे. आतली चिप गेली तर नवी मिळत नाही, तसंच दुसरं घड्याळ शोधून त्यातलं मॉड्यूल, म्हणजे चिप आणि आकडे असलेला आतला संच, काढावं लागतं. म्हणून चिपच्या वाटेला शक्यतो जायचंच नाही, या बेतानं तयारी करा. सेल, त्यांना टेकणाऱ्या धातूच्या पत्त्या आणि बटणं यांतच दोष सापडण्याची आशा मोठी असते.

पहिल्यांदा सेल. बहुतेक मॉड्यूलना दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले लागतात. सिल्व्हर ऑक्साइडचेच घ्या, दोन्ही नवे, एकाच पाकिटातले. क्रमांक नीट वाचा: 357 आणि 303 मापानं सारखे, पण जास्त करंट देण्यासाठी बनवलेला 357. आकडे पेटताना काही मिलिअँपिअर एकदम खेचले जातात, साधा अल्कलाइन सेल तिथे दबतो आणि आकडे मंद दिसतात. दोन सेलच्या जागी तीन व्होल्टचा एकच लिथियम बटण-सेल बसवायची युक्ती सुचेल, पण त्यालाही तो भार झेपत नाही.

मग कागद-पेन्सिल. झाकण उघडण्याआधी लक्षण लिहून काढा, आणि हे मनापासून करा, कारण निम्मं निदान इथेच होतं. या घड्याळांत सगळे आकडे एकदम पेटत नाहीत; एकामागून एक इतक्या झपाट्यानं पेटतात की डोळ्याला सलग वाटतात. प्रत्येक आकड्यातली तीच रेघ गायब असेल, तर त्या रेघेची विजेची सामाईक वाट तुटली आहे. एकच आकडा पूर्ण काळा असेल, तर त्या आकड्याची वाट. एकाच आकड्यातली एकच रेघ नसेल, तर ती एलईडी किंवा तिची केसाहून बारीक तार. आणि एकच आकडा भगभगीत पेटून बाकीचे अंधारात राहिले, तर बटण तत्काळ सोडा: बहुधा क्रिस्टल (घड्याळाला ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा) थांबलाय, आकड्यांची पाळी फिरत नाही आणि सगळा करंट त्या एकट्यावर येतोय. धरून ठेवलंत तर तोही जळेल.

टेबलावर काठ असलेला ट्रे, वर पांढरं कापड, भिंग, आणि चिमटा प्लास्टिकचा. धातूचा चिमटा सेलची दोन्ही टोकं सहज जोडतो. स्थिर विजेनं चिप मरते, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. झाकण निघाल्यावर सेल हलवण्याआधी फोटो काढा. एक सेल उताणा, एक पालथा असतो आणि तो क्रम कुणालाच आठवत नाही.

सेल गळला असेल तर पत्त्यांवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसते. ती अल्कलीची, त्यामुळे व्हिनेगरमध्ये जेमतेम ओलावलेली कापसाची काडी फिरवायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, आणि पूर्ण वाळू द्यायचं. मॉड्यूल कशातही बुडवू नका. आकड्यांवरच्या भिंगाखाली सोन्याच्या तारा उघड्या असू शकतात. वाकलेली पत्ती हळूच उचला, एकदाच. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते.

मल्टिमीटर हवाच. आकडे बंद असताना काही मायक्रोअँपिअर दिसले की ठीक. तिथे मिलिअँपिअर दिसले तर बटण आत अडकलेलं असण्याचा संशय घ्या. असं घड्याळ नवे सेल लवकरच संपवतं. मोजताना एक काळजी घ्या: बटण दाबण्याआधी मीटर मिलिअँपिअरवर आणा. मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर मीटरच इतका व्होल्टेज खातो की चांगलं घड्याळही मेल्यासारखं वाटतं.

सुरुवातीच्या पल्सरसाठी एक छोटं लोहचुंबक जवळ ठेवा. त्यांची वेळ चुंबकानं लावतात आणि तो पट्ट्याच्या कडीत दडवलेला असे. पट्टा बदलला की चुंबक जातो, आणि धडधाकट घड्याळ ‘वेळ लागत नाही’ म्हणून बिघडलेलं ठरतं.

पुढे-मागे पडणाऱ्या घड्याळाचा ट्रिमर, म्हणजे गती जुळवायचा छोटा फिरता भाग, अगदी शेवटी. क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि ट्रिमर त्याला किंचित इकडे-तिकडे सरकवतो. फिरवण्याआधी त्याची मूळ जागा फोटोत घ्या, मग केसभरच फिरवा, आणि झाकण नुसतं टेकवून घड्याळ दोन दिवस टेबलावर ठेवा. झाकणाची रबरी रिंग त्यानंतर बसवा.